एका पोटातली दोन दुखणी

प्रिय कासवा,

या नावानं तुला हाक मारून बरीच वर्षं झाली. लग्न ठरलं तेव्हा लेकीनं मला बजावलं होतं, "आई, आता तो जावई आहे. चारचौघांत कासव म्हणू नकोस." तेव्हापासून मी 'अहो डॉक्टर' म्हणत आले आणि दर वेळी जीभ अडखळत आली. पत्रात काही चारचौघं नसतात. इथे तू माझा तोच शिकाऊ उमेदवार आहेस. चौकात हिरवा दिवा लागला तरी तू आधी डावीकडे बघायचास, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि तोवर दिवा लाल होऊन जायचा. मागचे हॉर्न बडवून बडवून थकायचे. मी ओरडायचे, "अरे बाबा, चल की आता!" शेकड्यांनी माणसं माझ्या शेजारी बसून गाडी शिकून गेली, पण इतकं सावकाश कुणी नव्हतं. आणि खरं सांगू? मी शिकवताना माझ्या पायाखाली जो वेगळा ब्रेक असतो, तो तुझ्या वेळी मला एकदाही दाबावा लागला नाही. तुमच्या लग्नाला मी होकार दिला तो तेवढ्यावरच. हे लेकीला सांगू नकोस, तिला वाटतं तिनं मला पटवलं.

घरी बरं चाललंय. तुझा मेहुणा नेहमीप्रमाणे कुठल्या तरी इमारतीत दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतो आणि ग्रीसचे हात घेऊन जेवायला येतो. माझ्याकडे सध्या एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला येतात. गाडी बंद पडली की ते गाडीलाच रागावतात. "लक्ष कुठे आहे तुझं?" असं स्टीअरिंगकडे बघून म्हणतात आणि मी खिडकीतून बाहेर बघत हसू दाबते. या आठवड्यात मात्र त्यांना आणि बाकी सगळ्यांनाच सुट्टी दिली आहे. कंटाळा आलाय म्हणून सांगितलं. गाडी खाली उभी आहे, आणि मी पोटाशी उशी घेऊन खिडकीपाशी बसून तुला लिहितेय.

रविवारी लेक एकटीच आली. तू का नाही आलास असं विचारलं तर म्हणाली, "काम आहे गं त्याला." खोटं बोलताना ती लहानपणापासून कानातलं चाचपते, आताही चाचपलं. मी तिला वाढलं. ती म्हणाली, तूही बस. मी म्हटलं, मी मघाशीच खाल्लं. आम्ही मायलेकी एकमेकींना पुरत्या ओळखून आहोत, त्यामुळे पुढे दोघींनीही काही विचारलं नाही. निघताना मात्र चपला घालता घालता तिनं सांगितलं. तू वॉर्डात जाणं बंद केलं आहेस, रुग्ण तपासत नाहीस, रुग्णालयाच्या कार्यालयात बसून दुसऱ्यांचे अहवाल आणि नियमावल्या वाचतोस. मला वाटलं होतं तू फक्त आमच्या घरी यायचा थांबला आहेस. तू तर स्वतःच्या कामावरूनच उठून गेलास की रे.

म्हणून मला आज ते सगळं पहिल्यापासून सांगू दे. तुला ठाऊक आहे, पण तुला ठाऊक आहे ते डॉक्टरच्या बाजूनं. पोट माझं होतं. मी ते आतून पाहिलंय.

सुरुवातीला जेवण झालं की बेंबीच्या आसपास कळ यायची. मग आत काहीतरी गोळा होऊन इकडून तिकडे फिरल्यासारखं वाटायचं आणि मोठ्यानं गुडगुडायचं. एकदा एक मुलगी गाडी चालवत होती. माझं पोट असं काही वाजलं की तिनं घाबरून पाय वर घेतला आणि विचारलं, "बाई, माझा गिअर चुकला का?" मी म्हटलं, नाही, माझा चुकला. हसण्यावारी नेलं. संध्याकाळी अंग तापायचं ते दगदगीवर घातलं. कपडे सैल झाले ते चांगलंच झालं म्हणाले. तुझा मेहुणा म्हणायचा पित्त आहे, आणि पित्ताची गोळी आणून द्यायचा. ओळखलंस तू. तुम्ही दोघं जेवायला आला होतात. मी नुसताच भात या बाजूचा त्या बाजूला करतेय हे तू ताटाकडे न बघता पाहिलंस. हात धुतल्यावर म्हणालास, "आई, जरा आतल्या खोलीत आडव्या होता का?" जावयासमोर पोट उघडं टाकून झोपायची मला मेली लाज! तू म्हणालास, "हात गार आहेत हां माझे," आणि डोळे मिटून, अगदी हळू, एकेक बोट टेकवत गेलास. उजवीकडे खाली पोचलास तेव्हा मी काही बोलले नाही, तरी तुझा हात तिथे थांबला.

त्यानंतर आपल्या घरात जे भांडण पेटलं ते तुझ्या मेहुण्यानं पेटवलं, आणि त्याचं कारण तू तेव्हाही समजून घेतलंस. त्याच्या वडिलांना आधी आम्लपित्त म्हणाले होते, मग अल्सर म्हणाले, आणि खरं नाव कळलं तेव्हा जठराच्या कॅन्सरनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तेव्हा तो कॉलेजात होता. त्यानं तेव्हापासून पोटदुखीचा एकच अर्थ मनाशी धरून ठेवला आहे. तो म्हणाला, "आईला सरळ कॅन्सरच्या रुग्णालयात न्यायचं. वेळ घालवायचा नाही." तू म्हणालास, "आधी तपासू. जे निघेल त्यावर इलाज करू." मग स्कॅन झाला, लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालेलं दिसलं. मागच्या बाजूनं दुर्बीण घालून तिथवर गेले (त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही), तुकडा काढला, आणि त्यात टीबी निघाला. नुसता संशय नव्हता. त्या तुकड्यात जंतूच सापडले. आतड्याचा टीबी असतो हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला वाटायचं टीबी म्हणजे खोकला. आणि बघ, काय घर आहे आपलं, टीबी निघाला म्हणून आपण सगळे हसलो! तुझ्या मेहुण्यानं तुला मिठी मारली होती. ती मिठी तू विसरला असशील, मी विसरलेले नाही.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं तू आधीच सांगितलं होतंस म्हणून बरं, नाहीतर मी बाथरूममध्येच बेशुद्ध पडले असते. खालच्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या त्या दाराच्या अगदी कडेला खुर्ची ओढून बसल्या. पोटातला टीबी असा बोलण्याचालण्यातून पसरत नाही, हे तू त्यांना किती शांतपणे समजावलंस. त्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होत्या आणि खुर्ची तसूभर मागे सरकवत होत्या. पण ताप उतरला. भूक लागायला लागली. कधी नव्हे ते मी लेकीला फोन करून सांगितलं की आज दोनदा भात घेतला. गाडीवर परत जायचा दिवससुद्धा ठरवला होता. औषध लागू पडत होतं, हे माझ्या जिभेला कळत होतं. त्यासाठी मला कुठला अहवाल नको होता.

आणि मग काही आठवड्यांनी सगळं पुन्हा फिरलं. ताप आला, वजन आणखी उतरलं, कळ आता बेंबीच्या वर, डावीकडे यायला लागली. इथे मला तुला एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे, कारण मला वाटतं नेमकं हेच तू विसरला आहेस. तू "गोळ्या चालू ठेवा, वेळ लागतो" असं म्हणून मोकळा झाला नाहीस. तू माझ्या पलंगाशी बसलास आणि म्हणालास, "आई, हे जुळत नाहीये. गोळ्या काम करताहेत, तरी तुम्ही खालावत चालल्या आहात." जंतू औषधांना दाद देत नाहीत की काय, ते तू तपासून घेतलंस. ते देत होते. मग तू पुन्हा स्कॅन करायला लावलास, आणि वरच्या भागात, जिथे खालून दुर्बीण पोचत नाही आणि वरूनही सहज पोचत नाही, तिथली भिंत सुजलेली दिसली. पोट उघडून बघायला हवं असं सर्जनना तूच म्हणालास. दिवससुद्धा ठरला. फक्त त्या आतड्याला दम निघाला नाही.

त्या सकाळी मी केस विंचरत होते. कुणीतरी आतून सुरी ओढल्यासारखं झालं, हातातला कंगवा पडला, एवढंच आठवतं. आतडं फुटलं होतं. तातडीनं पोट उघडलं, हातभर आतडं कापून काढलं आणि दोन टोकं जोडली. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, आणि समोर लेक. रडून रडून तिचं नाक टोमॅटोसारखं झालेलं. मी बोलू शकत नव्हते. माझं एवढं आयुष्य दुसऱ्यांना सूचना देण्यात गेलं, आणि नेमकी तेव्हा वाचा बंद.

कापलेल्या आतड्याचा अहवाल आला तो दिवस. मला खोलीत हलवलं होतं, दार अर्धं उघडं होतं, आणि तुम्ही दोघं बाहेर उभे होतात. तुम्हाला वाटलं मी झोपलेय. तू सांगत होतास की टीबी आहेच, पण त्याच आतड्यात लिम्फोमाही आहे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच कॅन्सर. दोन्ही एकाच वेळी. तुझा मेहुणा म्हणाला, "तुमच्या टीबीनं आईचे इतके महिने खाल्ले. मी पहिल्या दिवशी सांगत होतो. बाबांच्या वेळी तेच, आईच्या वेळी तेच." मी वाट बघत होते, की तू आता सांगशील: अहो, जंतू सापडले होते, अहवाल होता, दुसरा स्कॅन मीच करायला लावला. तू फक्त "हो" म्हणालास. एवढंच. आणि मग तुझी पावलं जिन्याकडे गेलेली ऐकू आली.

मला तुझ्या त्या 'हो'बद्दल बोलायचंय.

त्यानंतर तू माझी फाईल दुसऱ्या डॉक्टरांकडे दिलीस. नातेवाइकानं नातेवाइकाचा इलाज करू नये म्हणालास, आणि ते बरोबरही असेल. पण तू नातेवाईक म्हणूनही आला नाहीस नीटसा. फळं घेऊन यायचास, खिडकीपाशी उभा राहायचास, सलाइनच्या बाटलीकडे बघायचास, माझ्याकडे बघायचं टाळायचास. तापाचा कागद पायथ्याशी लटकत असायचा आणि तू त्याला हात लावायचा नाहीस. हलवायाच्या पोरानं मिठाईकडे पाठ करून उभं राहावं तसं दिसायचं ते. माझं डोकं तुळतुळीत झालं तेव्हा लेक हसवायचा प्रयत्न करायची, म्हणायची, आई, तुझा डोक्याचा आकार इतका छान आहे हे आजवर कळलंच नव्हतं. मुख्याध्यापकांच्या आधीची एक विद्यार्थिनी तर पाच रंगांचे रुमाल शिवून घेऊन आली. आणि माणसांची तर मजाच होती. ज्यांना टीबी कळला होता ते लांबून विचारपूस करायचे, ज्यांना कॅन्सर कळला होता ते जवळ बसून हात हातात घ्यायचे आणि उसासे टाकायचे. दोन्ही कळलेल्यांना काय करावं तेच कळायचं नाही. ते लांब बसून उसासे टाकायचे.

केमो देणाऱ्या मोठ्या बाई तशा कमी बोलतात. एकदा थेंब थेंब औषध जात असताना मी त्यांना विचारलं, "मुलगा म्हणतो तसं आधी इथेच आले असते, तर?" त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आणि त्या वेळी टीबी लक्षात आला नसता, तर या औषधानं तुमची प्रतिकारशक्ती उतरली असती आणि टीबी अंगभर पसरला असता. मग मला तुमचा लिम्फोमा बरा करायची संधीच मिळाली नसती. टीबीच्या गोळ्या आधीच पोटात गेल्या होत्या, म्हणून मी लगेच सुरू करू शकले." दोन्ही औषधं एकमेकांच्या पायात पाय घालतात म्हणून त्यांना किती मात्रा बदलाव्या लागल्या, तेही त्यांनी सांगितलं, ते सगळं मला कळलं नाही. पण पहिलं वाक्य पक्कं कळलं. मी घरी येऊन ते लेकीला सांगितलं, तिनं तुला सांगितलं. तू म्हणे म्हणालास, "आईंचं मन मोठं आहे." अरे, मन कसलं मोठं? मी तुला हकिकत सांगत होते, तू ती माझ्या चांगुलपणात जमा केलीस.

इलाज संपला. स्कॅन स्वच्छ आला. मोठ्या बाई पहिल्यांदा दात दिसतील इतकं हसल्या. मी गाडीवर परत गेले. पण तो 'हो' काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा मी सरळ तळमजल्यावर गेले, जिथे तुकड्यांच्या काचा बघतात तिथे. तुझा मेहुणाच घेऊन गेला होता, तो मागे मागे आला, "आई, इथे रुग्णांना येऊ देत नाहीत" असं पुटपुटत. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लेकीएवढ्या असतील. मी म्हटलं, "माझं आतडं तुमच्याकडे आहे म्हणतात. मला बघायचंय." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या दांडग्या माणसाकडे, आणि कपाटातून काचा काढल्या. त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. त्या इकडून, मी तिकडून. जांभळं, गुलाबी, छापील कापडासारखं काहीतरी. त्या म्हणाल्या, "हे गोल गोल पुंजके दिसतात ना, कडेनं फिकट पेशी आणि मध्ये चोथा झालेला? हा टीबी." मग काच केसभर सरकवली. "आणि हा गच्च जांभळा भाग, पेशींना शिस्तच नाही, एकमेकींना ढकलून बसल्यात? हा लिम्फोमा." नखाएवढ्या तुकड्यात दोन्ही, शेजारी शेजारी. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. उलट मी बराच वेळ बघत राहिले. माझ्याच पोटात इतकं काय काय चाललं होतं आणि मी बाहेर लोकांना सिग्नल शिकवत होते.

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. पहिला तुकडा, दुर्बिणीतून काढलेला, तो आहे का? तो बघा आणि सांगा, त्यात हे दुसरं होतं का? त्यांनी काच शोधली, लावली, चांगला वेळ घेतला, काठ न् काठ बघितला. जुना अहवाल दुसऱ्या कुणी लिहिला होता, त्यामुळे त्यांना कुणाची बाजू राखायची नव्हती. शेवटी डोकं वर काढून म्हणाल्या, "नाही. या तुकड्यात फक्त टीबी आहे. आज कुणी हा माझ्यासमोर ठेवला तरी मी टीबीच लिहीन." आधी कोण आलं, कुणामुळे कोण आलं, हे विचारलं तर म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. कॅन्सरनं शरीराची राखण ढिली केली म्हणून टीबी उठला असेल, किंवा दोघं आपापले आले असतील. मी मागे वळून बघितलं. तुझा मेहुणा म्हणाला, "मी बघू का एकदा?" त्यानं बघितलं. ग्रीसच्या बोटांनी टेबलाची कड धरून, वाकून, लहानपणी पाण्याच्या टाकीत मासे बघायचा तसा.

परत येताना गाडी तो चालवत होता. मी शिकवलंय, चांगली चालवतो. मग आपण होऊनच बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. म्हणाला, "आई, कधी कधी लिफ्टमध्ये दोन बिघाड असतात. दाराचा एक असतो, तो सापडतो, दुरुस्त होतो, लिफ्ट चालायला लागते, आपण हत्यारं गोळा करून घरी येतो. परत अडकते. मालक म्हणतो, तुम्ही काहीच केलं नाहीत. पण दाराचा बिघाड होताच ना." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही." कासवा, त्याच्या तोंडून माफी निघायला अजून किती दिवस लागतील मला माहीत नाही. बापावर गेलाय, शब्द गिळतो. पण त्या दिवसापासून तो दोनदा तुमच्या इमारतीखाली गाडी लावून परत आलाय, हे मला ठाऊक आहे. वर यायचं धाडस झालं नसेल. मी त्याची वकिली करत नाही. तो जे बोलला ते त्याला बापाच्या वेळी कुणालातरी बोलायचं होतं, आणि समोर तू सापडलास.

तुझं मात्र मला कळत नाही. त्यानं रागात एक वाक्य म्हटलं आणि तू ते सहीशिक्का मारून घेतलंस. तू टीबी म्हणालास, टीबी होता. तू जुळत नाही म्हणालास, जुळत नव्हतं. यापेक्षा जास्त माणसाच्या हातात काय असतं? तू चुकला असतास तर मी तसं तोंडावर सांगितलं असतं. मी कुणाला सोडत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मला तुझी कीव करायची नाही, तुला माफ करायचं नाही, कारण माफ करण्यासारखं काही मला सापडलंच नाही. मी तळमजल्यापर्यंत जाऊन शोधून आलेय.

आता उरलेलं सांगते, आणि हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. गेले काही दिवस जेवल्यावर पोट पुन्हा दुखतंय. परवापासून जास्त. गुडगुडतं, फुगतं, मग उलटी होईलसं वाटतं. रविवारी लेकीसमोर जेवले नाही ते त्यामुळे. ताप नाही, किंवा असला तर मी मोजलेला नाही. टीबी बरा होताना जुन्या जागी आतडं आवळून येतं, असं तू मला कधीतरी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं होतंस, तसं असेल. ऑपरेशनच्या जागी काही चिकटलं असेल. किंवा ते दुसरं परत आलं असेल. मोठ्या बाईंकडे मी जाईन, तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील त्या गाडीतून जाईन. इलाज ज्याला करायचा त्यानं करू दे, त्यात मला तुझं नातं आडवं आणायचं नाही. पण या पोटाला आधी तुझा हात लागायला हवा आहे मला. जे असेल त्याचं नाव मला जिन्याकडे निघून जाणाऱ्या पावलांकडून ऐकायचं नाही. तू पलंगाशी बसून, माझ्याकडे बघून सांग; एक असेल तर एक, दोन असतील तर दोन. कार्यालयातल्या कागदांना कळवून टाक की तुला एक रुग्ण तपासायला जायचंय. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ये. मी चहासुद्धा न घेता, रिकाम्या पोटी थांबते.

तुझीच,
सासूबाई